मदत हवी आहे : खेळायला पाठवण्याआधी बंदुकीचं कसं विचारायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच पुण्याहून ह्यूस्टनजवळ राहायला आलोय. लेक दुसरीत आहे, वर्गमैत्रिणीने घरी खेळायला बोलावलंय. माणसं चांगली आहेत, पण घरात बंदुका असल्याचं गप्पांत सहज बोलून गेली. टेक्ससमध्ये २०२१पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं, त्यामुळे इथे त्यात नवल नाहीच. इथल्याच युवाल्डी गावातल्या शाळेत २०२२मध्ये झालेल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हापासून शाळेच्या सुरक्षेवर सगळे बोलतात. घरातल्या कपाटाबद्दल कुणीच नाही!

बंदी हवी की नको हा वाद कृपया इथे नको. 'बंदुका कुलपात असतात का, गोळ्या वेगळ्या ठेवता का' हे न दुखावता कसं विचारलंत? फोनवर की समोरासमोर? उत्तर पटलं नाही, तर मुलांना काय सांगितलंत?