हॉवर्थिया की हॉवर्थिऑप्सिस? लेबलवर काय लिहू – मदत हवी आहे

मंडळी, रसाळ रोपांची लेबलं नव्याने लिहायला घेतलीत आणि हॉवर्थियापाशी गाडी अडलीय. पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं, सगळे ज्याला झेब्रा प्लांट म्हणतात ते रोप जुन्या लेबलनुसार ‘हॉवर्थिया फॅसिएटा’. नव्या याद्यांत तेच ‘हॉवर्थिऑप्सिस’. टपोऱ्या पांढऱ्या दाण्यांनी भरलेलं पुमिला ‘टुलिस्टा’त जाऊन बसलंय. पानांच्या टोकाला काचेसारखी खिडकी असलेलं कूपेरी तेवढं अजून हॉवर्थियातच आहे.

आतापर्यंत कळलंय ते असं: ड्युव्हालने १८०९ मध्ये हॉवर्थिया ही प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली, नाव दिलं ते एड्रियन हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचं. पुढे तिचे तीन उपगट मानले गेले. डीएनए तपासल्यावर हे तिन्ही गट एकाच फांदीवरचे नाहीत असं दिसलं, आणि २०१३ मध्ये रौली या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यातले दोन गट बाहेर काढले: तेच हॉवर्थिऑप्सिस आणि टुलिस्टा.

इथवर ठीक. पण मला तिन्हींची फुलं सारखीच दिसतात: लांब दांड्यावर बारीक, पांढुरकी, दोन ओठांची. मग फुलावरून ओळखायचं कशावरून? आणि गॅस्टेरिया या त्यांच्याच गोतावळ्यातल्या प्रजातीशी यांचा संकर सर्रास होतो. तरीही या वेगळ्या प्रजाती कशा? हे दुसरं कोडं मला जास्त छळतंय.

प्रतिसाद – काटेकोर

फूल समोरून बघू नका, बुडाशी आडवं कापा. भिंग लागेल. खऱ्या हॉवर्थियात नळीचं बूड गोलसर त्रिकोणी असतं आणि कुक्षीवृंत (स्त्रीकेसराची बारीक दांडी) वरच्या बाजूला वळलेला. हॉवर्थिऑप्सिसमध्ये बूड षटकोनी, देठाकडे हळूहळू निमुळतं होत जाणारं, कुक्षीवृंत सरळ. टुलिस्टातही षटकोनी आणि सरळच, पण तिथे नळी देठाला एकदम येऊन टेकते, निमुळती होत नाही. शिवाय टुलिस्टाचा फुलांचा दांडा चांगला दणकट असतो.

तुमचं ते ‘फॅसिएटा’ मात्र फॅसिएटा नसावं. त्या नावाने मिळणारी बहुतेक रोपं ॲटेन्युएटा असतात. पानाची आतली, म्हणजे झुबक्याच्या मध्याकडची बाजू बघा. ती गुळगुळीत असेल तर फॅसिएटा. तिथेही पांढरे दाणे असतील तर ॲटेन्युएटा. अजून खात्री हवी असेल तर एखादं जुनं पान हळूच तोडून ओढा, फॅसिएटात धागे निघतात.

प्रतिसाद – खडकफूल

संकराचं कोडं खरं तर सुटण्यासारखं आहे. कोरफड, गॅस्टेरिया, हॉवर्थिया या सगळ्या गोतावळ्यात मूळ गुणसूत्रसंच एकाच घाटाचा आहे: १४ गुणसूत्रं, त्यातली ८ लांब, ६ आखूड. म्हणून परागकण इकडचे तिकडे चालून जातात. पण संकर होतो यावरून नातं किती जवळचं ते ठरत नाही. डीएनएनुसार हॉवर्थिऑप्सिस हे कूपेरीपेक्षा गॅस्टेरियाला जवळचं निघालं, आणि गॅस्टेरियाची फुलं बघा: गुलाबी-लाल, पोट फुगलेली, पक्ष्यांसाठी बनलेली. हॉवर्थियाची फुलं कीटकांसाठी. फुलाचं रूप बरंचसं गिऱ्हाईक कोण यावर ठरतं, त्यामुळे वरवरच्या सारखेपणावर प्रजाती उभी करणं धोक्याचंच होतं.

लेबलबद्दल माझं मत: जातीचं नाव ठळक लिहा, प्रजातीचं पेन्सिलने. ॲटेन्युएटालाच घ्या. खुद्द हॉवर्थने १८०४ मध्ये त्याला ॲलोत, म्हणजे कोरफडीच्या प्रजातीत टाकलं, १८१२ मध्ये हॉवर्थियात, आणि रौलीने २०१३ मध्ये हॉवर्थिऑप्सिसमध्ये. मागचं नाव दोनशे वर्षं तेच. तिन्ही नावं नियमाने प्रसिद्ध झालेली आहेत. कुठलं वापरायचं हे तुम्ही कोणतं वर्गीकरण मानता त्यावर.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. पानाच्या दोन्ही बाजूंना दाणे आहेत, म्हणजे ॲटेन्युएटाच. पुमिलाला अजून दांडा आलेला नाही, त्यामुळे फूल कापणं राहिलंय. जाता जाता: ज्याला आपण ॲलो अरिस्टाटा म्हणत होतो, तेही हललं का?

प्रतिसाद – खडकफूल

हललं. २०१४ पासून ‘अरिस्टालो’, त्या प्रजातीत ते एकटंच. ॲलो व्हेरिएगाटाही ‘गोनिआलो’त गेलंय, तेव्हा तेही लेबल खोडायला घ्या.