पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अडीच दिवस: बाजार, हस्तकला आणि शाकाहारी आई

मोगरा:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याचं त्रिनिदादला काम निघालंय. मी आणि आई शेपूट म्हणून जातोय. हाताशी शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ, मुक्काम पोर्ट ऑफ स्पेन. समुद्रात डुंबण्यात आम्हा दोघींनाही रस नाही. आई कुठल्याही गावी गेली की आधी मंडई बघते, देऊळ नंतर. मला हाताने बनवलेलं काहीतरी आणायचंय, देशाचं नाव छापलेला मग नको. अडचण अशी की आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. शोधलं तर जिकडेतिकडे शार्कचं सँडविचच दिसतंय. आई बिस्किटांवर राहणार की काय?

खलाशी:
जहाज बंदरात लागलं होतं तेव्हा एक दिवस फिरलोय. धक्क्यावरून इंडिपेन्डन्स स्क्वेअर चालत गाठता येतो. त्यातल्या पायवाटेला ब्रायन लाराचं नाव दिलंय. तिथून फ्रेडरिक स्ट्रीट सरळ वर जाते, दुकानंच दुकानं. डबल्स खा, चण्याचा तिथला रस्त्यावरचा खाऊ. अंधार पडल्यावर त्या भागात पायी हिंडू नका.

चिंचगूळ:
मोगराताई, मी तीन वर्षं पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागात राहिलोय, कामाला पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत. त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

सगळे विचारतात 'कुठे जाऊ'. या शहरात विचारायचं 'किती वाजता'. सकाळी सहाला जिथे रांग असते तिथे दहाला रिकामा फुटपाथ दिसतो. पहिल्या महिन्यात मी रविवारी आरामात अकराला उठून बाजाराला निघालो आणि फ्रेडरिक स्ट्रीटच्या बंद शटर्सची मोजदाद करून परत आलो.

तेव्हा शनिवार हाच तुमचा दिवस. पहाटे उठा. मोठी मंडई, म्हणजे सेंट्रल मार्केट, बीथम हायवेच्या बाजूला आहे. ओळखीचा टॅक्सीवाला आणि भरपूर वेळ असेल तरच तिकडे जा. आईंसाठी चार्लट स्ट्रीट पुरेशी आहे. फुटपाथवर भाजी, मसाले, मोजे, पडदे, सगळं एका ओळीत. काही भाजी पाउंडावर, काही वाट्याने. आईंना तिथे दुभाषा लागणार नाही. चवळीच्या लांब शेंगा म्हणजे 'बोडी', कारलं म्हणजे 'कराइली', वांगं 'बैगन', बटाटा 'आलू', जिरं 'गीरा'. ३० मे १८४५ ला फतेल रझाक जहाजातून पहिले भारतीय मजूर उतरले, तेव्हापासून १९१७ पर्यंत बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडूनच माणसं गेली. शब्द त्यांच्याबरोबर गेले आणि तिथेच मुरले. भोजपुरी आज फारसं कुणी बोलत नाही, पण भाजीवाली 'भाजी' म्हणते ती फक्त पालेभाजीला. कोथिंबिरीच्या जागी एक लांब, करवती कडेचं पान असतं, 'शाडो बेनी'. जुनी हिंदू माणसं त्याला 'बनधनिया' म्हणतात. वास आपल्या कोथिंबिरीच्या चौपट. माझ्या बायकोने पहिल्यांदा आमटीत नेहमीच्या हाताने घातलं आणि आम्ही खिडक्या उघडून जेवलो.

डिसेंबरात अजून एक गंमत दिसेल. लालभडक बोंडांचे ढीग, नाव 'सॉरेल'. ही आपली अंबाडी! तिथे पाल्याची भाजी नाही, बोंडांचं सरबत करतात, आलं-लवंग घालून, नाताळात घरोघरी. आई बघतच राहतील.

आता डबल्स. दोन बारे, म्हणजे हळद घातलेल्या फुगवलेल्या पिठाच्या मऊ तळलेल्या चकत्या, त्यावर चण्याचा रस्सा, काकडी, चिंच आणि मिरचीचं पाणी. मांस नाही, अंडं नाही, दूधही नाही. पूर्वी एकच बारा चण्यांवर दुमडून देत, गिऱ्हाईकं दुसरा मागू लागली, म्हणून डबल्स. जन्म १९३० च्या दशकातला, दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउनमधला. एक खाल्लं तरी डबल्सच म्हणायचं. मी होतो तेव्हा सहा डॉलर पडायचे, त्रिनिदादी हं. अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात मिळतात.

मागताना 'स्लाइट' म्हणा. स्लाइट म्हणजे तिखटाचा नुसता स्पर्श. तिथली मिरची टोमॅटोसारखी गोंडस दिसते, फसू नका. मी कोल्हापूरचा आहे या गर्वात पहिल्याच दिवशी 'प्लेन्टी' म्हणालो. पुढचा अर्धा तास नारळपाणीवाल्यापाशी काढला. चमचा मिळत नाही. कागद तळहातावर धरायचा, वरच्या बाऱ्याचा तुकडा तोडायचा, त्याने चणे उचलायचे. उभ्याने, पुढे वाकून. पांढरा कुडता घालून जाऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मागण्याआधी 'गुड मॉर्निंग' म्हणा. हे न म्हणता थेट भाव विचारला तर समोरचा उद्धट समजतो. संध्याकाळनंतर भेटलात की 'गुड नाइट' म्हणायचं. ते नमस्कार आहे, निरोप नव्हे. महिनाभर मला वाटायचं, दुकानदार मला हाकलतोय.

हस्तकलेचं मात्र सावधपणे. शहरात 'लोकल क्राफ्ट' अशी पाटी असलेल्या एका दुकानातून मी कोरलेला कॅलाबॅशचा वाडगा घेतला (कॅलाबॅश म्हणजे कठीण सालीचं फळ, भोपळ्यासारखं, पण वेलाला नाही, झाडाला लागतं). घरी उलटा केला तर बुडाला भलत्याच देशाचा शिक्का. तेव्हापासून नियम केला, जो बनवताना दिसेल त्याच्याकडूनच घ्यायचं. गावातल्या टपऱ्यांवर चपला शिवणारे रास्ता, म्हणजे रास्ताफारी पंथाचे, कारागीर बसतात. एकाने माझा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखला आणि दुसऱ्या दिवशी चामड्याची चप्पल तयार. पाच वर्षं झाली, अंगठा अजून शाबूत आहे. तुम्ही शुक्रवारी दुपारीच माप दिलंत तर शनिवारी हातात पडेल.

छोटं स्टीलपॅन, म्हणजे तिथलं पिंपापासून बनवलेलं वाद्य, घ्यायचा मोह होईल. खरं पॅन तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून खोल करतात, मग सुरांच्या जागा आखून ठोकतात, तापवतात, पुन्हा हातोडीने सुरात आणतात. दुकानातली खेळण्याएवढी पॅन्स बहुतेक बेसूर असतात. घेण्याआधी सा ते सा वाजवून बघा. तुम्ही बघितलंत तर विकणाराही जरा वचकतो.

मोगरा:
चिंचगूळ, किती छान! आईला वाचून दाखवलं, अंबाडीवर ती थबकली आणि तिने बॅगेत एक पिशवी जास्त टाकली. दोन शंका. रोटीच्या दुकानात काय चालेल? आणि शनिवारी रात्री हॉटेलातच बसायचं का?

अळूचंफदफदं:
रोटीचं मी सांगते, माझी नणंद तिथे असते. दोन प्रकार. धालपुरी म्हणजे वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली पोळी. गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा, फक्त जिरं-मिरची घातलेली. दुसरी 'बस अप शट', म्हणजे फाटका शर्ट: तव्यावरच दोन लाकडी उलथन्यांनी पराठा हाणून त्याच्या चिंध्या करतात. सोबत भोपळा, चणा-आलू, बोडी मागा. भाजीत कधी खारा मासा असतो, आधी विचारा. मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, आईंना नको, त्यात अंडं असतं. कॉर्न सूपमध्ये डुकराची शेपटी सापडू शकते. 'इटल' म्हणून मागितलं तर रास्ता पद्धतीचं, बिनमांसाचं मिळतं. कॅलालूत, म्हणजे अळूच्या पानांच्या दाट कालवणातही, खेकडा असू शकतो.

आणि साहिना विसरू नका! अळूची पानं डाळीच्या पिठात गुंडाळून तळलेली. नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या, तुमच्याकडे असतं का असं? मी म्हटलं, बाई, माझं नावच त्यावर आहे.

चिंचगूळ:
खाण्याबाबत अळूताई बोलल्या तेच. रात्रीचं असं की संध्याकाळी क्वीन्स पार्क सवानाच्या कडेला खाण्याच्या गाड्या लागतात, तिथपर्यंत जा. मैदानाभोवती पावणेचार किलोमीटरच्या आसपास फेरी होते, आई चालतील तितकी घ्या. तिथे शहाळी मिळतात आणि 'चाउ' मिळतं: अननस किंवा पॉमसिते, म्हणजे अंबाडा, मीठ, लसूण, मिरची, शाडो बेनीत कालवून. नंतर टॅक्सीने सेंट जेम्सच्या वेस्टर्न मेन रोडवर चक्कर मारली तरी चालेल, तिथे रात्री उशिरापर्यंत जाग असते. गावातल्या बाजारपेठेत मात्र नको, खलाशी म्हणतात ते खरं. चार्लट स्ट्रीटच्या पूर्वेला तर दिवसाही कारण नसताना घुसू नका.

रविवारी शहर झोपतं. गाडी असेल तर चगुआनासजवळ चेस व्हिलेजला कुंभारांची दुकानं आहेत, दिवाळीच्या पणत्या तिथेच घडतात. फक्त उघडी आहेत का हे आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून फोन करून विचारून घ्या.

अजून एक. नवऱ्याची ती लष्करी ठिपक्यांची अर्धी चड्डी किंवा टोपी असेल तर घरी ठेवा. तिथे सामान्य माणसाने तसे कपडे घालणं कायद्याने मना आहे.

मोगरा:
चड्डी नाही, टोपी आहे! काढली. आईचा शेवटचा प्रश्न: मंडईत घासाघीस करतात का?

चिंचगूळ:
भाजीत फार नाही. पण एका आजोबांना मी मुंबईचा म्हटल्यावर (कोल्हापूर कोण समजावणार) त्यांनी मिरच्या पिशवीत टाकता टाकता १९७१ चं तिथल्याच क्वीन्स पार्क ओव्हलवरचं २२० सांगायला सुरुवात केली. कोणाचं हे सांगायला नकोच. रांग खोळंबली, कुणी कुरकुर केली नाही. निघताना चार मिरच्या वर पडल्या. आईंना सुनील गावसकर आवडत असतील तर घासाघीस करायची गरज नाही.