डावणीचा अंदाज: मशीनचं ऐकावं की अण्णांचं? सल्ला हवा

निफाडचा_कोडवाला:
मंडळी, आमच्या द्राक्ष गटाने दोन हवामान केंद्रं बसवलीत. पाऊस, तापमान आणि पान किती तास ओलं राहिलं यावरून डावणीचा (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचा) धोका मोबाईलवर येतो. पण गटाचे सल्लागार अण्णा त्या आकड्याकडे बघतही नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतर दोनदा मशीन म्हणालं धोका कमी, अण्णा म्हणाले औषध फवारा, आणि अण्णाच बरोबर निघाले. एकदा उलटंही झालं. त्यांचं ज्ञान सिस्टीममध्ये कसं आणू? नियम लिहून मागितले तर म्हणतात, "बागेत गेल्यावर कळतं."

पोंगा:
नियम मागूच नका. मागितले की सगळे पुस्तकातलंच सांगतात: वेलीची नवी फूट 10 सेंमी, 10 मिमी पाऊस, 10 अंश तापमान. त्यापेक्षा ज्या दिवशी दोघांचं जमलं नाही तो दिवस काढा आणि त्या दिवशी काय पाहिलंत ते विचारा. आमच्याकडे असं विचारल्यावर कळलं, सेन्सर उघड्यावर खांबाला आणि फेलफुटी (जादा फुटवे) न काढलेल्या बागेत पानं सकाळी दहापर्यंत ओली! चूक गणितात नव्हतीच.

सापळा_८:
क्रॉपसॅप बघा. कृषी विभागाचा प्रकल्प, 2009 पासूनचा. सर्वेक्षक शेतात किडी मोजतात, नोंद संगणकावर जाते, पण सल्ला कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ ठरवतात. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे सलग तीन रात्री, दर रात्री एका सापळ्यात 8 पतंग, ही धोक्याची पातळी ठरलेली. पुढे काय करायचं ते माणूस सांगतो.

जुना_प्रोग्रामर:
1970च्या दशकात स्टॅनफर्डला मायसिन नावाची प्रणाली होती. रक्तातला जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक सुचवायची. चाचणीत तज्ज्ञांच्या तोडीची ठरली, "का?" विचारलं तर कारणही द्यायची. तरी दवाखान्यात रोजच्या वापरात आली नाही. वेगळ्या टर्मिनलवर बसून प्रश्नांची उत्तरं देत बसायला डॉक्टरला वेळ कुठला? तुमचा आकडा अण्णा जिथे आधीच असतात तिथे, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर, कारणासकट जाऊ द्या.

पोंगा:
पण आकडा दाखवायच्या आधी अण्णांचं मत घ्या. नाहीतर दोन हंगामांत ते मशीनचंच बोलायला लागतील. आणि राग नको, "मारा" म्हणण्यात फायदा व्हावा असं अण्णांचं फवारणीच्या औषधांचं दुकान आहे का?

निफाडचा_कोडवाला:
नाही हो, दुकान नाही 😄 सेन्सर उद्याच बागेत आत हलवतो. अण्णा टाइप करत नाहीत, व्हॉइस नोट चालेल?

पोंगा:
पळेल. फक्त प्लॉट नंबर आणि वेळ आधी बोलायला लावा.