फायरफिशऐवजी फॉक्सफेस बघा

समुद्री माशांची टाकी मोठी आहे, लपायला खडकही आहेत, मग ट्रिगर आणि डॅमसेल या दांडग्या माशांसोबत फायरफिश हा बुजरा मासा का चालणार नाही, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न जागेचा नाही, हद्दीचा आहे. डॅमसेल असतो बोटाएवढा, पण आपल्या खडकापाशी कुणाला फिरकू देत नाही. आणि घाबरलेला फायरफिश थेट टाकीबाहेर उडी मारतो. त्यातून वाचला तरी दबलेला मासा खायला बाहेर येत नाही; हे मरण हळू असतं आणि फार उशिरा लक्षात येतं.

शांत मासाच हवा तर फॉक्सफेस बघा. 20 सेंटीमीटरच्या आसपास वाढतो, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही, पण पाठीवरचे काटे विषारी. त्यामुळे दादागिरी करणारेही जरा बेतानं वागतात. (टाकीत हात घालताना तुम्हीही जपा!) आधी काही दिवस त्याला टाकीतच भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा. मग जुन्यांना पोटभर खायला घाला, खडकांची मांडणी बदला आणि दिवे मालवून सोडा. मांडणी बदलली की जुन्यांनाही हद्द नव्यानं शोधावी लागते. ट्रिगर डब्यावर धडका देतच राहिला, तर मात्र बेत सोडा.