अनुभव धागा : कॅनडाच्या पीआरचा अर्ज आणि आपली कागदपत्रे

कॅनडाच्या कायमस्वरूपी वास्तव्याचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘पीआर’चा, अर्ज केलेले एखादे तरी घर आता बहुतेक सोसायट्यांमध्ये सापडते. तरीही त्याविषयीचे बोलणे ‘स्कोअर किती’ आणि ‘निघणार कधी’ या दोन प्रश्नांपुढे सहसा जात नाही. १ जानेवारी २०१५ पासून सुरू झालेल्या एक्स्प्रेस एन्ट्री या ऑनलाइन निवडपद्धतीत वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे मिळून १२०० पैकी गुण होतात. अधूनमधून ‘ड्रॉ’ निघतो (त्यात चिठ्ठ्या टाकत नाहीत, गुणानुक्रमे वरून माणसे उचलतात, तरी सगळे त्याला ड्रॉच म्हणतात) आणि आमंत्रण आले की ६० दिवसांत पूर्ण अर्ज भरावा लागतो. हे सर्व अधिकृत संकेतस्थळावर आहे, आणि ड्रॉचे आकडे तर पंधरवड्यात शिळे होतात, म्हणून ते इथे नकोत. त्या रकान्यांत स्वतःचे आयुष्य बसवताना ज्याला जे सोसावे लागले, सुचले किंवा चुकले, ते इथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

मिसिसागा, कॅनडा (धागा मीच काढला आहे, तेव्हा आधी माझे)

माझ्या अर्जातला सर्वांत अवघड प्रश्न पहिल्याच पानावर होता : नाव. माझ्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे, असा क्रम आहे. आणि त्या सगळ्याआधी एक तिरकी रेघ आहे, जी मुंबई विद्यापीठात उमेदवार मुलगी असल्याची खूण म्हणून छापत असत. लग्नात सासूबाईंच्या हौसेखातर ताटातल्या तांदळात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. ते हाक मारण्यापुरते राहील असे मला वाटले होते, पण सासऱ्यांनी उत्साहाने ते शिधापत्रिकेत आणि पुढे संयुक्त बँक खात्यातही घातले. पासपोर्टवर मात्र माहेरचे नाव, त्यापुढे नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव आहे. म्हणजे पदवी एकीची, पैसे दुसरीचे आणि प्रवास करणार तिसरी, अशी अवस्था झाली. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते, हे तिकडच्या अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे धरून चालता येत नाही.

अर्जात ‘यापूर्वी दुसरे नाव वापरले आहे का’ असा प्रश्न असतो. त्याला ‘होय’ असे उत्तर देऊन मी सगळी नावे लिहिली, कोणत्या कागदावर कोणते नाव आहे याचा एक पानाचा तक्ता जोडला, आणि या सर्व नावांची व्यक्ती मी एकच आहे असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर केले. न्यायालयाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाने ते आपल्या ठरलेल्या मसुद्यात करून दिले. घरी येऊन वाचले, तर त्यात ‘व्यवसाय : घरकाम’ असे छापलेले होते. मी तोवर अकरा वर्षे लेखापरीक्षणात होते आणि त्याच अनुभवाच्या गुणांवर माझा सगळा अर्ज उभा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुद्रांक घेतला, पुन्हा रांग लावली. टंकलेखक म्हणाले, “मॅडम, बायकांचं आम्ही तेच टाकतो, कोणी वाचत नाही.” माझी विनंती अशी की जोडण्यापूर्वी प्रत्येक प्रतिज्ञापत्र आपण स्वतः शब्दन्‌शब्द वाचावे.

पुणे, सध्या अर्ज विचाराधीन

ताई, तुमचा तक्ता मी लगेच उचलला आहे. माझी अडचण नोकरीच्या पत्राची झाली. त्या पत्रात पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक वेतन आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष कामाचे वर्णन हवे असते, कारण अधिकारी ते वर्णन आपण निवडलेल्या व्यवसायाच्या सांकेतिक क्रमांकाशी ताडून पाहतो. आधीच्या कंपनीच्या एचआर विभागाने दोन ओळींचे छापील पत्र दिले आणि कामाचे वर्णन लिहून देणे धोरणात बसत नाही असे कळवले. शेवटी त्या काळातल्या माझ्या वरिष्ठांनी, जे आता दुसरीकडे आहेत, स्वतःच्या नावाने मुद्रांकावर माझ्या कामाचे वर्णन लिहून दिले. सोबत मी नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि फॉर्म सोळा जोडले, आणि मूळ पत्र का मिळाले नाही याचे स्पष्टीकरण दिले. नोकरी सोडताना वरिष्ठांशी शेवटचा आठवडा नीट वागलो होतो, याचे त्या दिवशी फार समाधान वाटले.

बँकेचे पत्र हा दुसरा डोंगर. निधीचा पुरावा म्हणून प्रत्येक खात्याचा क्रमांक, ते उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि असलेली कर्जे, हे सर्व बँकेच्या लेटरहेडवर लागते. शाखेतले साहेब फक्त शिल्लक लिहून देत होते. ‘सरासरी काढायला सिस्टिममध्ये बटण नाही,’ हे त्यांचे उत्तर. मी सहा महिन्यांचे खातेउतारे घेऊन एक्सेलमध्ये सरासरी काढून दिली, त्यांनी दोन दिवस तपासली आणि सही केली. आईने मोडलेल्या मुदतठेवीचे पैसे ज्या महिन्यात आले, त्या महिन्यासाठी बक्षीसपत्र वेगळे जोडावे लागले. आईला ‘हे पैसे मी परत मागणार नाही’ यावर सही करताना हसू आले. “मागते कशाला?” एवढेच ती म्हणाली.

डोंबिवली

माझा अनुभव जुना आहे आणि त्याचा आजच्या अर्जदारांना नियम म्हणून उपयोग नाही, तरी लिहितो. आम्ही २००६ साली अर्ज केला. तेव्हा १०० पैकी ६७ गुण झाले की माणूस पात्र ठरत असे आणि अर्ज रांगेत लागत असे. पुढे बोलावणार की नाही हा प्रश्न नव्हता, कधी बोलावणार हाच होता. माझे ५५० डॉलर, पत्नीचे ५५०, मुलाचे १५०, असे शुल्क भरले आणि दिल्लीहून फाइल क्रमांक आला. तो क्रमांक मी देवघराच्या भिंतीवरील कॅलेंडरवर लिहिला आणि दर जानेवारीत नव्या कॅलेंडरवर उतरवत गेलो. दरम्यान आम्ही मोठे घर घेतले नाही, कारण जायचे होते. पत्नीने बदलीची बढती नाकारली, कारण जायचे होते. मुलाला शिष्यवृत्तीला बसवले नाही, कारण, तेच.

२०१२च्या जूनमध्ये तिथे कायदा झाला की २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे ज्या कुशल कामगार अर्जांवर २९ मार्च २०१२ पर्यंत निर्णय झालेला नाही, ते संपुष्टात आले. कुटुंबीय धरून सुमारे २,८०,००० माणसे त्यात होती, असे नंतर वाचले. शुल्क परत मिळाले, व्याज नाही. अर्ज केला तेव्हा चौथीत असलेला मुलगा दहावीत पोचला होता. ती रक्कम त्याच्या क्लासच्या फीत गेली. आज लोक सहा महिने झाले म्हणून अस्वस्थ होतात, तेव्हा मी काही बोलत नाही. मात्र अर्ज चालू असताना घर, बढती, मुलांचे शिक्षण यांतले काहीही थांबवू नका, एवढे मी कोणालाही सांगेन.

ऑटवा

दहावीला मी संस्कृत घेतले होते, कारण ‘स्कोअरिंग’ विषय. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने फ्रेंच घेतले, तेव्हा मला तिची कीव आली होती. पस्तिशीला आल्यावर हिशेब उलटा झाला. वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंतच मिळतात. एकट्या अर्जदाराला २९ व्या वर्षी ११० असतात, ३५ व्या वर्षी ७७ आणि ४० व्या वर्षी ५०. त्यात इंग्रजीच्या परीक्षेत, आयईएल्‌टीएसच्या लेखनात मला साडेसहा मिळाले आणि सात हवे होते. बाकी तिन्ही भागांत पुरेसे असूनही त्या अर्ध्या बँडने भाषेचेच नव्हे, तर भाषेला जोडून शिक्षणाचे आणि अनुभवाचे मिळणारे गुणही खाली ओढले. दोनदा पुन्हा परीक्षा दिली, दोनदा साडेसहाच.

मग मी पुण्यात फ्रेंचचा वर्ग लावला. सोबत बसणारी मुले माझ्या निम्म्या वयाची होती आणि मी घरी कणीक मळताना क्रियापदे म्हणत असे. दीड वर्षाने चारही भागांत लागणारी पातळी गाठली. इंग्रजीसोबत ती पातळी असली की ५० जादा गुण मिळतात, आणि २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांचे वेगळे ड्रॉही निघू लागले, ज्यांत चारशेच्या खाली गुण असलेल्यांनाही आमंत्रणे गेली आहेत. मात्र कोणी ‘तीन महिन्यांत फ्रेंच’ अशी जाहिरात करत असेल, तर मी तरी फी भरणार नाही. परीक्षेतला श्रवणाचा भाग एकदाच ऐकवतात आणि तिथला माणूस आपल्या वर्गातल्या बाईंसारखा सावकाश बोलत नाही.

नागपूर

मी एजंटाकडे गेलो होतो. दीड लाख रुपये तीन हप्त्यांत. त्याने माझे ऑनलाइन खाते स्वतःच्या ईमेलवरून उघडले आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला, त्यामुळे माझ्याच अर्जात काय भरले आहे हे मला पाहता येत नव्हते. आमंत्रण आल्यावर आग्रहाने प्रत मागितली, तर त्यात मी कधी न केलेली दोन वर्षांची नोकरी दिसली. ‘सगळे टाकतात’ हे त्याचे म्हणणे. खोटी माहिती आढळल्यास पाच वर्षांची बंदी येते, आणि ती एजंटावर नव्हे, अर्जदारावर येते. मी ते आमंत्रण नाकारले, प्रोफाइल काढून टाकले आणि खऱ्या अनुभवावर नवे केले. गुण १३ ने कमी झाले आणि पुढचे आमंत्रण यायला चौदा महिने लागले. परवानाधारक सल्लागारांची यादी त्यांच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. मी ती पैसे गेल्यावर पाहिली.

कॅल्गरी

आमची मंजुरी मे २०२०ची, म्हणजे सीमा बंद झाल्यानंतरची. मंजुरीच्या कागदावरची मुदत वैद्यकीय तपासणीशी बांधलेली असते. ती घरात बसूनच संपली. २१ जून २०२१ पासून आमच्यासारख्यांना प्रवेश खुला झाला, पण भारतातून थेट विमाने एप्रिलपासून बंद होती आणि तिसऱ्या देशात कोविडची चाचणी करून येणे भाग होते. आम्ही बेलग्रेडला पाच दिवस राहून ऑगस्टअखेर पोचलो. मी कोविशील्ड घेतली होती, ती इथे मान्य होती. पत्नीने कोव्हॅक्सिन, ती तेव्हा मान्य नव्हती. त्यामुळे नव्या देशातले पहिले चौदा दिवस ती तळघरात विलगीकरणात, आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर वरणभाताचे ताट ठेवून खाली हाक मारतो आहे, अशी आमची सुरुवात झाली. लस घेताना केंद्रावर जी होती ती घेतली होती, निवड कोणी केली नव्हती.

सातारा

मी अर्जदाराची आई आहे. मुलगा हैदराबादला, पासपोर्टवर पत्ता इथला, म्हणून पोलिसांच्या दाखल्यासाठी हवालदार आमच्या दारात आले. गल्लीत गाडी थांबली तेव्हा समोरच्या वहिनी गॅलरीत आल्या त्या अर्धा तास आत गेल्या नाहीत. दोन शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या, तेव्हा त्यांनाच बोलावले. त्यांनी सही केली आणि विचारले, “कायमचा जातोय का?” अर्जावर तोच शब्द असल्याने मला ‘नाही’ म्हणता येईना.

आता सुपर व्हिसावर, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांसाठीच्या व्हिसावर, दोनदा जाऊन आले आहे. त्यात एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा काढावा लागतो, आणि आमच्या वयाला त्याचा हप्ता चांगलाच बसतो. मी पाच महिन्यांत परत येते. मला सून चांगली आहे, गैरसमज नसावा. इथे आंब्याचे झाड आहे आणि त्याला कोणीतरी राखण लागते.

सांगली

आम्ही अर्ज केला, मंजुरी आली आणि गेलो नाही. वडिलांचे डायलिसिस सुरू झाले, आठवड्यातून दोनदा, आणि पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत दोन वर्षे तिथे राहण्याची अट पाळून हे कसे जमवायचे, याची आकडेमोड पत्नीने आणि मी महिनाभर केली. मग अर्ज मागे घेतला. एकूण शुल्कातला वास्तव्याच्या हक्काचा भाग (तेव्हा ५७५ डॉलर), पाऊल ठेवले नसेल तर परत मिळतो; तो आला. प्रक्रियेचे शुल्क, परीक्षांची फी, पदवीच्या मूल्यांकनाचा खर्च, हे गेले.

विद्यापीठातून मी गुणपत्रांची तीन बंद पाकिटे घेतली होती : एक मूल्यांकनासाठी, दोन जास्तीची. पाकिटाच्या झाकणावर अर्धा आणि कागदावर अर्धा असा शिक्का असतो, आणि ते फोडले की बाद होते. ती दोन्ही पाकिटे घराच्या खरेदीखतासोबत कपाटात आहेत. मागच्या आठवड्यात आवराआवरीत पत्नीने टाकू का म्हणून विचारले, मी असू दे म्हणालो.