तिसरा आला म्हणून डर्बीचा?

दादा, पुण्यात 1200 मीटरला पहिल्याच शर्यतीत तिसरा आलेला 3 वर्षांचा घोडा डर्बीच्या, म्हणजे सगळ्यात मानाच्या शर्यतीच्या, लायकीचा आहे असं म्हणताय, पण नुसत्या नंबरावर जाऊ नका. शेवटच्या 400 मीटरचा व्हिडिओ परत बघा. गेटमधून उशिरा सुटून, बाहेरून वळून, चाबूक न लागता अंतर कापत आला असेल तर तो तिसरा नंबर लई मोलाचा. पुढं पळून शेवटी टापा आखूड पडल्या असतील तर नाही. पाठीवरचं वजनही धरा. 1600 मीटरला साधारण एक किलो जास्त वजन म्हणजे घोड्याच्या एका लांबीएवढा फरक.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची डर्बी 2400 मीटरची, फेब्रुवारीत, 4 वर्षांच्या घोड्यांची. त्यामुळं आईबाप किती लांब पळाले ते आधी तपासा.

आपल्याकडं घोडागाडीच्या शर्यतीमुळं छाती-पुठ्ठ्यावर नजर जाते. इथं चाल बघा: चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढं पडायला हवा. आणि पुढच्या पायाच्या नळीवर (गुडघ्याखालच्या हाडावर) बोट दाबल्यावर पाय ओढून घेत असेल, तर कडक ट्रॅकवर जोरात पळवणं थांबवायलाच हवं. कोवळं हाड अजून ताणाला सरावलेलं नसतं; तसंच दामटलं तर तिथं बारीक तडा जातो.