मदत हवी आहे: चार्टर शाळा घ्यावी की आहे तीच ठेवावी?

नमस्कार मंडळी, आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनजवळ राहतो. लेक तिसरीत आहे. चार्टर शाळेच्या प्रवेशाच्या लॉटरीत ती प्रतीक्षायादीत ४३वी होती, म्हणून विषय सोडून दिला होता. परवा अचानक ईमेल आला, जागा आहे, शुक्रवारपर्यंत कळवा!

सासूबाईंनी पुण्याहून विचारलं, "फी किती?" फी काहीच नाही. चार्टर शाळाही सरकारी पैशावरच चालते, फक्त कारभार गावच्या शाळांपासून स्वतंत्र. पण शेजारीण म्हणते, मूल तिकडे गेलं की त्याच्यामागचा पैसाही गावच्या शाळेकडून तिकडे वळतो. २०१६ मध्ये इथे चार्टर शाळांच्या संख्येवरची मर्यादा वाढवायचा प्रस्ताव मतदारांनी पाडला, तो बराचसा याच कारणाने.

दुसरी धास्ती एमकॅसची, म्हणजे इथल्या राज्याच्या शालेय परीक्षेची. २०२४ च्या मतदानानंतर हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी ती पास होण्याची अट गेली, पण तिसरी ते आठवी दरवर्षी द्यावीच लागते. चार्टरवाले निकाल फार मिरवतात. माहितीच्या सभेत अर्धा तास नुसते आलेख दाखवले, चित्रकलेचा तास किती वेळा असतो ते विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागले. लेक माझी दिवसभर चित्रं काढणारी!

कुणाची मुलं चार्टरमध्ये आहेत का? गृहपाठ किती, शिक्षक टिकतात का, आणि नाही जमलं तर वर्षाच्या मध्यात गावच्या शाळेत परत येताना त्रास झाला का? धाकट्याला भावंड म्हणून प्राधान्य मिळेल, त्याचा मोहही आहेच. गुरुवार रात्रीपर्यंत सांगितलंत तर उपकार होतील.